डिसेंबर आला की पुन्हा तेच!

डिसेंबर लागला की ऑफिसात एकच प्रश्न, "सुट्टीत इंडियाला जाणार ना?" आणि घरून आईचा, "यंदा तरी येतोस ना रे?" सांगून सांगून तोंड दुखलं. नाही जाता येत! अमेरिकेत नोकरी करायची एच-वन-बी परवानगी आहे ना, तिची मुदत वाढून मिळालीय, त्याचा कागद हातात आहे, नोकरी व्यवस्थित चाललीय. पण पासपोर्टावरच्या व्हिसाची तारीख उलटलीय. अमेरिकेत राहायला तो लागत नाही, पण एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत शिरायला लागतो. मग आधी मुलाखतीची तारीख मिळवा, ती पुढे ढकलली की तिकिटं बदला, आणि तिकडेच अडकलात तर इथलं घरभाडं, गाडीचा हप्ता, पोरांची शाळा, सगळं अधांतरी.

ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, घे म्हणतात लोक. कुठून घेऊ? नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्केच. १९९० च्या कायद्यातली मर्यादा ही! भारत केवढा, आइसलँड केवढा, पण दोघांना मोजमाप एकच. याला न्याय म्हणायचं?

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. आता बहिणीच्या घराची वास्तुशांत, तीही तशीच बघायची. पगार चांगला आहे, काम आवडीचं आहे, हे मान्य. पण इतकी वर्षं नियमानं राहून, कर भरून, आईवडिलांना भेटायला जायचं तर नोकरी पणाला का लावायची? चीड येते हो, भयंकर चीड येते.