फर्स्ट मिनेसोटा, 262 आणि 215: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गेटिसबर्गच्या लढाईवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. खाली चार ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या फर्स्ट मिनेसोटा या स्वयंसेवक रेजिमेंटचा तीन वर्षांचा इतिहास सांगतो म्हणून मी अर्धा लेख पाच मिनिटांच्या एका चार्जवर घालवला, मिनेसोटाचे मूळ रहिवासी असलेल्या डकोटा लोकांचं नाव काढलं नाही, आणि शेवटी हे वाक्य: "स्मारकाच्या दगडावर कोरलेला 262 पैकी 215 हा आकडा लेखकाने श्रद्धेने उतरवून काढलाय, रेजिमेंटचं नुकसान 82 नाही 68 टक्के आहे, पण परक्या देशातल्या पुतळ्यांना नमस्कार करणाऱ्यांना कोण सांगणार."

आकडा चुकीचा वाटला तर तसं सरळ लिहायचं होतं, मी आनंदाने बोललो असतो. पण "श्रद्धेने", "नमस्कार करणारे", "कोण सांगणार", हे काय आहे? समोरच्याला आधी भाबडा ठरवायचं म्हणजे मग त्याचं म्हणणं ऐकायची गरजच उरत नाही, ही पद्धत हल्ली फार बोकाळलीय आणि ती मला मनापासून आवडत नाही. मी नोकरीनिमित्त मिनेसोटाची राजधानी सेंट पॉलला राहतो, तिथल्या विधानभवनात या रेजिमेंटचा प्रमुख कर्नल कोल्व्हिल याचा पुतळा आहे, तो मी बघितलाय आणि हो, त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलोय. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही.

आता आकड्याकडे येऊ, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. 2 जुलै 1863, संध्याकाळची वेळ. उत्तरेच्या जनरल सिकल्सने आपली थर्ड कोअर (अनेक डिव्हिजनची मोठी तुकडी) स्वतःच्या मर्जीने पुढे नेऊन ठेवली होती, ती मोडली, सेमेटरी रिज या टेकडीवरच्या फळीत मोठं भगदाड पडलं आणि दक्षिणेच्या विलकॉक्सची अलाबामाची ब्रिगेड त्या भगदाडाच्या रोखाने चालून येत होती. मदतीची तुकडी पोचायला थोडा वेळ हवा होता आणि उत्तरेच्या जनरल हॅनकॉकच्या हाताशी त्या जागी काय होतं तर फर्स्ट मिनेसोटाच्या आठ कंपन्या. आठ! सगळी रेजिमेंट नाही. सी कंपनी डिव्हिजनच्या हेडक्वार्टरला प्रोव्होस्ट गार्ड म्हणजे फौजी पोलिसांच्या कामावर, एफ कंपनी स्कर्मिशर म्हणजे पुढे विखरून लढणारे म्हणून डावीकडे पाठवलेली, आणि एल कंपनीचे शार्पशूटर तोफखान्याच्या मदतीला. हे मी लेखात लिहिलंय, तिसऱ्या परिच्छेदात आहे, तुम्ही तो वाचलात का? जे उरले ते 262, आणि तेच बायोनेट लावून उतारावरून प्लम रनच्या कोरड्या ओढ्यापर्यंत धावले. त्यातले 215 पडले, म्हणजे मेले किंवा जखमी झाले, हे 82 टक्के. तुमचे 68 टक्के म्हणजे दोन्ही दिवस धरून, सगळ्या कंपन्या धरून, 330 पैकी 224. म्हणजे तुम्ही वेगळ्याच बेरजेला वेगळ्याच संख्येने भागलंय आणि उत्तर वेगळं आलं म्हणून मला खोटं पाडताय. मी कुठेही "पूर्ण रेजिमेंटचे 82 टक्के" असं लिहिलेलं नाही, "चार्जमध्ये गेलेल्यांपैकी" असं लिहिलंय.

हा फरक मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते, सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. वडील कंपनीच्या नोंदींचं काम बघायचे आणि रिटायर झाल्यावरही ओसरीवर बसून सांगायचे की कागदावर कंपनी वेगळी असते आणि सकाळी फॉल-इनला उभी असते ती वेगळी, कोण रजेवर, कोण हॉस्पिटलमध्ये, कोण गार्डवर, कोण लंगरवर, हे वजा केल्याशिवाय जो आकडा सांगतो त्याला फौज माहीत नाही. दहा वर्षांचा असताना माझ्याकडून ते अशी वजाबाकी तोंडी करून घ्यायचे. त्यामुळे रेजिमेंटची नोंदलेली संख्या आणि त्या क्षणी ओळीत उभे असलेले लोक, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, आणि "श्रद्धा" हा शब्द तर मुळीच ऐकून घेणार नाही.

पाच मिनिटांवर अर्धा लेख हा आरोपही तसाच. लेखात बुल रनची लढाई आहे, 21 जुलै 1861, हेन्री हाऊस हिल ही टेकडी, उत्तरेच्या रिकेट्सच्या तोफांजवळ समोरून आलेल्या दक्षिणेच्या व्हर्जिनियाच्या लोकांचे कपडेही निळे असल्यामुळे आपले की परके हेच कळेना, आणि तरी ही पोरं लढत राहिली. अँटिटमच्या लढाईतलं वेस्ट वूड्स हे रान आहे, जिथे हीच रेजिमेंट असलेल्या सेजविकच्या डिव्हिजनची वीसेक मिनिटांत दोन हजारांवर माणसं गेली. आणि 3 जुलै आहेच, आदल्या संध्याकाळी एवढी वाताहत झाल्यावर दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या पिकेटच्या मोठ्या चार्जसमोर हेच उरलेले लोक परत उभे राहिले, त्यात कॅप्टन मेसिक मारला गेला आणि मार्शल शर्मन या शिपायाने दक्षिणेच्या 28 व्या व्हर्जिनिया रेजिमेंटचा झेंडा हिसकावला. चार्जला जास्त जागा दिली, दिली! कर्नल कोल्व्हिलला त्याच्या तीन दिवस आधी अटक झाली होती, का तर कूच चालू असताना ओढ्यातून भिजत जायच्याऐवजी त्याने आपल्या माणसांना ओंडक्यावरून जाऊ दिलं. ओल्या बुटांनी मैलोन् मैल चालून पायाला फोड येऊ नयेत एवढंच त्याला हवं होतं. लढाईच्या सकाळी त्याला कमांड परत मिळाली आणि संध्याकाळी त्याच माणसांना घेऊन त्याला त्या उतारावरून जावं लागलं, स्वतःच्या खांद्यात आणि पायात गोळ्या घेऊन तो पडला. अशा माणसाला दोन ओळीत उरकायचं असेल तर तुम्ही उरका, मला जमणार नाही.

एक गोष्ट मान्य करतो, म्हणजे मी काही ऐकूनच घेत नाही असं व्हायला नको. गेटिसबर्गनंतरचा भाग लेखात घाईने आलाय. ऑगस्टमध्ये ड्राफ्टविरोधी (सक्तीच्या भरतीविरोधी) दंगलींनंतर न्यूयॉर्कला पाठवणं, ऑक्टोबरमधली ब्रिस्टो स्टेशनची लढाई, 1864 मध्ये मिनेसोटातल्या फोर्ट स्नेलिंगला परत येऊन मुदत संपणं, यावर अजून लिहायला हवं होतं, ते वाढवतो.

डकोटांबद्दल म्हणाल तर 1862 चं मिनेसोटातलं डकोटांशी झालेलं युद्ध आणि मॅनकॅटोला एकाच दिवशी दिलेल्या 38 फाशा मला माहीत आहेत, इथे राहणाऱ्या कुणालाही माहीत असतात. पण त्या युद्धाच्या काळात फर्स्ट मिनेसोटा पूर्वेकडच्या आघाडीवर होती आणि फाशांच्या वेळी व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गसमोर, डकोटांवर गेल्या त्या राज्याच्या दुसऱ्या रेजिमेंट्स. तो वेगळा विषय आहे, वेगळा लेख लागेल, आणि या लेखात त्याचं नाव नाही म्हणून मी काहीतरी लपवलं असं सुचवणं बरोबर नाही.

राहता राहिला परका देश. एप्रिल 1861 मध्ये मिनेसोटाला राज्य होऊन पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. दक्षिणेने फोर्ट सम्टरवर हल्ला करून युद्ध सुरू केल्याची बातमी आली तेव्हा मिनेसोटाचा गव्हर्नर रॅम्झी योगायोगाने वॉशिंग्टनलाच होता, त्याने जाऊन हजार माणसं देऊ केली, सगळ्या राज्यांत पहिली. त्या बोलीवर शेतातली, लाकूडतोडीच्या कॅम्पमधली पोरं नाव नोंदवायला आली. ज्याच्या घरातलं कुणी असं निघून गेलंय त्याला ही पोरं परकी वाटत नाहीत, मला तरी वाटत नाहीत, आणि त्यासाठी तुमची परवानगी लागते असंही मला वाटत नाही.

लेखातला आकडा आहे तसाच ठेवतोय. 82 टक्क्यांच्या शेजारी पूर्ण रेजिमेंटचे 68 टक्केही कंसात टाकतो, म्हणजे पुढच्या वाचकाचा गोंधळ होणार नाही. यापुढे काही चूक दिसली तर जरूर लिहा, फक्त कुठल्या कंपन्या धरल्यात तेवढं सांगा.