सायकल कोळप्याला अनुदान हवंय? आधी ते महाग करा

वेल्डिंगवाले भाऊ, भंगारातल्या सायकलचं चाक, दोन नळ्यांचं हँडल आणि खाली धार लावलेली पास, म्हणजे तण कापणारं पातं. एवढ्यावर तुम्ही कोळपं उभं केलंत. सोयाबीनच्या दोन ओळींतून एकटा माणूस ते ढकलत नेतो, बैलही लागत नाही आणि डिझेलही. आता याला सरकारने हातभार लावावा असं तुमच्या मनात आलंय. लावेल की! तुम्ही फक्त थोड्या सुधारणा करा.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे किंमत. दीड-दोन हजारांच्या वस्तूवर निम्मं अनुदान काढलं तर हातात येतं किती? तेवढ्यासाठी साहेबांनी जागेवर तपासणीला गाडी काढायची का? ट्रॅक्टरचं बघा. सव्वा लाखापर्यंत अनुदान, बॉनेटला हार, चावी देताना फोटो. कोळप्याची चावी कुठून आणणार? देशात कसणाऱ्याकडे सरासरी जमीन १.०८ हेक्टर आहे, असं २०१५-१६ ची कृषी गणना सांगते. तेवढ्या तुकड्यात ट्रॅक्टर वळवायचा कुठे, हे विचारू नका. शेजाऱ्याचा बांध आहे ना!

मग अवजाराचा तपासणी अहवाल. तो मान्यताप्राप्त केंद्राचाच लागतो. केंद्र सरकारचं एक केंद्र मध्य प्रदेशात बुदनीला आहे, नर्मदामैयाचं दर्शनही होईल. जाताना ड्रॉइंग न्यायला विसरू नका. तुमचं ड्रॉइंग दुकानाच्या फरशीवर खडूने काढलेलं असतं आणि गिऱ्हाइकाची उंची बघून तुम्ही हँडल वरखाली करता, हे आम्हाला माहीत आहे. असला लाड यापुढे बंद. हँडल एकाच मापाचं राहील, शेतकऱ्याने त्या मापाचं व्हावं.

शेतकऱ्यालाही शिकवून ठेवा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज करायचा, फार्मर आयडी, कोटेशन, मागतील ते कागद जोडायचे आणि पूर्वसंमतीची वाट बघायची. त्याआधी खरेदी केली तर अनुदान गेलंच म्हणून समजा. सोयाबीनची पहिली कोळपणी पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत करावी लागते, पण ती गवताची घाई आहे, खात्याची नव्हे. ओटीपी येईपर्यंत तणाने दमाने घ्यावं.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा हा शिस्तीचा कारभार नव्हता. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगराला हात लावत नव्हते. आणि औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी काय करावं? कोटेशन नाही, जिओ-टॅग फोटो नाही, १९१० मध्ये किर्लोस्करांच्या कारखान्यासाठी सरळ जागाच देऊन टाकली! संस्थानी कारभार, दुसरं काय.

तुम्ही मात्र नियमाने चला. नावाआधी ‘स्मार्ट’ लावा, जमल्यास हँडलवर एखादं सौर पॅनेल ठोका. मग अहवालाचा खर्च, डीलरचं कमिशन आणि छापील पत्रक धरून किंमत आपोआप पाच हजारांवर जाईल. अनुदान वजा जाता शेतकऱ्याला ते तुमच्या जुन्या भावापेक्षा थोडंसंच महाग पडेल. बिलावर नाव डीलरचं असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि हो, वेल्डिंगचं मशीन विकू नका. पास तुटली की डीलर फोन उचलत नाही, ते सगळे शेतकरी तुमच्याकडेच येणार आहेत.