नाळे बर्री! (म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या या'!)

आपल्या बेळगाव भागात घराचा ई-खाता, म्हणजे कंप्युटरावरचा उतारा, काढायचाय? मग पुढचं वर्ष कसं घालवायचं हा तुमचा प्रश्न मिटला. माझा मिटलाय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

आधी एक दणकट पायताण घ्या.

लोकसंख्येत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील, तर नोटिसा त्यांच्याही भाषेत काढायच्या असतात, हे पट्टण पंचायतीच्या (म्हणजे नगरपंचायतीच्या) खिडकीवर चुकूनसुद्धा बोलू नका. बोललात की 'सर्व्हर इल्ला', सर्व्हर नाही.

आजोबांचे कागद घरीच ठेवा. आमच्याकडं १९५३ चा उतारा आहे, मुंबई राज्यातला, वळणदार मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ ला गाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. आमचं घर हललं नाही, परसातली चिंचही नाही. कंप्युटरात मात्र आजोबा बदलले! जन्मभर रामचंद्र म्हणून जगलेला माणूस, मेल्यावर रामचंद्रप्पा झाला. आता हे दोघं एकच, असं ॲफिडेव्हिट मी करून द्यायचं. चूक त्यांची, स्टँप माझा, नोटरीचे पैसेही माझेच. ते नेलं तर साहेब ट्रेनिंगला. पुढच्या खेपेला इलेक्शन ड्युटी. मग जत्रा. मग सर्व्हर. पाचव्या खेपेला फाईल सापडली, तर त्यात फोटो शेजाऱ्याच्या घराचा. दारात त्याची म्हैस बांधलेली! मी म्हटलं, हे घर माझं नव्हे. क्लार्क म्हणाला, मग म्हैस कुणाची? मी आणि शेजारी दोघं जाऊन म्हैस कुणाची ते लिहून देऊन आलो. त्यावर काय? नाळे बर्री. आपल्याकडं भूत दारात येऊ नये म्हणून भिंतीवर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहायचे. भुताला निदान एका वाक्यात कळायचं.

एजंटाकडं जाऊ नका. (शेवटी जालच.)

नगरसेवकाला जरूर भेटा. चहा मिळतो. सीमावादावरचा महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला महाराष्ट्राचा दावा, सगळं तोंडपाठ. आपल्या वॉर्डातल्या गटारीचं विचारलं की फोन येतो. त्यांचीही अडचण समजून घ्या: २०१८ च्या ऑगस्टअखेर मतदान झालं आणि आरक्षणाच्या कोर्टबाजीत अध्यक्ष बसायला २०२० चा शेवट उजाडला. तोवर कारभार अधिकाऱ्याकडं. कुणाला फरक कळला? मलाही नाही, खोटं कशाला बोलू.

आणि इथंच डोकं फिरतं. कट्ट्यावर बसून १९५६ चा हिशेब मांडता, १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावता, लावा, मीही लावतो. पण निवडून दिलेली आपलीच माणसं अध्यक्षपदासाठी फुटतात, तेव्हा तुम्ही कुठं असता? घरपट्टीची पावती कन्नडमध्ये येते, ती वाचून तरी घेता का कुणाकडून? पंचायतीच्या सभेच्या दिवशी एकदा तरी दारात उभे राहिलात? सगळ्यांना आपला एकट्याचा उतारा हवा, तोही मागच्या दारानं, एजंटाला दोन हजार देऊन. लाज वाटत नाही? मीही पैसे काढून ठेवले होते, म्हणून विचारतोय.

सोमवारी अकराला सभा आहे. मी जाणार आहे, म्हशीचा फोटो घेऊन. यायचं तर या, नाहीतर बसा तिथंच.