चुंबक चिकटत नाही, म्हणजे काय?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर नितीन गडकरी म्हणाले की स्टेनलेस स्टील वापरलं असतं तर पुतळा पडला नसता, आणि समुद्रापासून 30 किलोमीटरच्या आतल्या पुलांना तेच वापरायला हवं. पुलांबाबत ते बरोबरच बोलले. पण पुढे जी चर्चा झाली तिच्यात ‘स्टेनलेस’ हा सोन्यासारखा एकच धातू असावा, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. इकडे जर्मनीत बसून त्या बातम्या वाचताना नेमकं हेच खटकतं, कारण स्टेनलेसचं छत माणसांच्या अंगावर पडलेलं युरोपने पाहिलं आहे.

स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकजवळ उस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या पोहण्याच्या तलावाचं काँक्रीटचं छत स्टेनलेसच्या सळ्यांना टांगलेलं होतं. 9 मे 1985 रोजी ते खाली आलं, बारा माणसं गेली. सळ्यांना गंज दिसत नव्हता. तलावातल्या क्लोरीनची वाफ छताच्या पोकळीत साचायची आणि सळ्यांवर क्लोराइडचा थर धरायचा. तिथे पाऊस पोचत नाही आणि कुणी फडकंही मारत नाही. वरून सतत ताण. अशा तिहेरी अवस्थेत 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलचं नेहमीचं स्टेनलेस (बाजारातलं 304) आतून केसासारखं चिरत जातं आणि एक दिवस काचेसारखं तुटतं. आज जर्मनीत तलावाच्या छताला, जिथे धुणंपुसणं होत नाही अशा जागी, मॉलिब्डेनम घातलेल्या 316 जातीलाही परवानगी नाही. 1.4529 किंवा 1.4547 (हे युरोपीय क्रमांक) यांसारख्या, त्याहून बरंच जास्त मॉलिब्डेनम असलेल्याच जाती लागतात.

आता याच्या उलट बाजू. मेक्सिकोत प्रोग्रेसो बंदराचा लांबलचक धक्का 1940 च्या सुमारास बांधला गेला, त्यात साध्या 304 जातीच्या सळ्या घातल्या आणि तो अजून वापरात आहे. जी जात तलावाच्या छतात दगा देते तीच काँक्रीटच्या पोटात समुद्राच्या पाण्यात टिकते, कारण काँक्रीटचा अल्कधर्मीपणा तिला सांभाळून घेतो. म्हणजे प्रश्न ‘स्टेनलेस की साधं’ एवढाच नाही. कुठली जात, कुठल्या जागी, कशी जोडलेली, हा आहे. आणि आपल्याकडच्या बाजारात नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठच्या बंगल्याचं रेलिंग पाहा. वरची बाजू पावसाने धुतली जाते, म्हणून चकचकीत. हात खालून फिरवला की तपकिरी डाग लागतात, कारण तिथे मीठ साचतं आणि पाऊस ते नेत नाही. दोष ‘खाऱ्या हवे’वर ढकलला जातो. बहुतेक वेळा तीन चुका एकत्र झालेल्या असतात. एक, नळी 304 म्हणून विकलेली पण प्रत्यक्षात 202, म्हणजे कमी निकेल आणि जास्त मँगनीजची स्वस्त जात. दोन, दिसायला छान म्हणून केलेलं खरखरीत हेअरलाइन फिनिश, ज्याच्या चरांत मीठ बसतं. किनाऱ्यावर पृष्ठभागाचा खरखरीतपणा अर्ध्या मायक्रॉनच्या आत हवा. तीन, वेल्डिंगनंतरचा निळा-पिवळा पट्टा तसाच ठेवलेला. त्या पट्ट्याखालचं क्रोमियम उष्णतेने वरच्या थरात ओढलं गेलेलं असतं, म्हणून गंज पहिल्यांदा तिथूनच सुरू होतो. तो पिकलिंग पेस्ट लावून काढायचा, पेस्टच्या प्रकारानुसार वीस मिनिटं ते तासभर ठेवून मग भरपूर पाण्याने धुवायचा. पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. रबरी हातमोजे आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल नसेल तर हात लावू नये. आणि ज्या चकतीने साधं लोखंड घासलं ती स्टेनलेसवर फिरवायची नाही. लोखंडाचे कण रुततात, रात्री ओल्या फडक्याखाली ठेवलं तर सकाळी लाल ठिपके उठतात. बरेच ‘गंजलेले’ स्टेनलेस हे असं दुसऱ्याच्या लोखंडाने गंजलेलं असतं.

आता चुंबक. भांड्यांच्या दुकानात अजूनही खिशातला चुंबक निघतो. चिकटला तर ‘हलका माल’, नाही चिकटला तर ‘प्युअर स्टील’. ही परीक्षा अगदी उलटी उत्तरं देते. आपल्याकडे भांड्यांत सर्रास खपणारी जे-4 ही जात घ्या: क्रोमियम 15-16 टक्के, निकेल जेमतेम 1 टक्का, मँगनीज 9 च्या आसपास, वर दीड-दोन टक्के तांबं. मँगनीजमुळे तिलाही चुंबक चिकटत नाही. चुंबकाला चिकटणाऱ्या 430 मध्ये निकेल नाही, पण क्रोमियम 16 ते 18 टक्के, म्हणजे जे-4 पेक्षा जास्तच. शिवाय अस्सल 304 चा खोल डबाही काठाला चुंबक धरतो, कारण प्रेसमध्ये ओढताना तिथल्या धातूची घडण बदलते. एवढं सगळं असून चुंबकाची सद्दी संपत नाही. मँगनीज ओळखायचं तर द्रावणाचा एक थेंब आणि नऊ व्होल्टची बॅटरी पुरते. काही सेकंदांत थेंब लाल पडला की माल 200 च्या मालिकेतला, म्हणजे जे-4 किंवा 202 सारखा मँगनीजवाला. हे किट महागही नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 200 ची मालिका हे पाप नाही. घासून-पुसून फडताळात ठेवल्या जाणाऱ्या ताटवाटीला ती चालते. भारतीय मानक ब्युरोने स्वयंपाकघरातल्या वस्तूंसाठी कमी निकेलच्या जातींचं आयएस 15997 हे मानक 2012 मध्येच काढलं आहे. तिच्या अडचणी ठाऊक असल्या की झालं: ती ओढताना लवकर ताठरते, आणि खोल भांड्याचा काठ प्रेसमधून निघाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, गोदामात पडल्या पडल्या उभा तडकतो. तांबं घालतात ते हा तडा टाळायला. पाप आहे ते 304 च्या नावाने ती विकण्यात.

या नावाची किंमत साध्या गुणाकाराने निघते. एक टन 304 मध्ये 80 किलो निकेल. निकेलचा भाव टनाला 15,000 डॉलर धरला तर 1,200 डॉलर निव्वळ निकेलचे. जे-4 मध्ये 10 किलो, म्हणजे 150 डॉलर. हजार डॉलरचा फरक, आणि डोळ्याला दोन्ही पत्रे सारखे. त्यात निकेलचा स्वभाव असा की 8 मार्च 2022 रोजी लंडनच्या धातू बाजारात त्याने टनाला एक लाख डॉलर ओलांडले आणि बाजाराला दिवसाचे सौदेच रद्द करावे लागले. अशा वेळी स्वस्त जातीकडे ओढा वाढणारच.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. इथे लोक स्टेनलेसला ‘एडेलश्टाल’ म्हणतात, म्हणजे ‘उच्च प्रतीचं पोलाद’, आणि तांत्रिक भाषेत एडेलश्टाल न गंजणारं असायलाच हवं असंही नाही. त्या नावाखाली विकली जाणारी बार्बेक्यूची शेगडी दुसऱ्या उन्हाळ्यात तांबूस होते. पण व्यवहारात माणसं आकड्यांत बोलतात. प्लंबरसुद्धा व्ही-2-ए आणि व्ही-4-ए म्हणतो. ही क्रुपच्या प्रयोगशाळेतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या वितळणींची नावं, आज अनुक्रमे 304 आणि 316 साठी रुळलेली. कारखान्याच्या पत्र्यासोबत ‘3.1’ हे तपासणी प्रमाणपत्र येतं, त्यावर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या वितळणीचा क्रमांक, आणि त्या हीटचं रासायनिक पृथक्करण. तोच नंबर पत्र्यावर छापलेला नसेल तर माल ट्रकमधून उतरत नाही.

मायदेशी वाद चालतो तो मात्र आयात शुल्कावर. मोठ्या गिरण्या म्हणतात चीन, इंडोनेशिया आणि व्हिएतनामचा माल अडवा. भाईंदरचे भांडी कारखानदार आणि पत्र्याचे व्यापारी म्हणतात स्वस्त पत्रा बंद झाला तर आम्ही बंद. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. चिनी पत्र्यावर 2017 मध्ये 18.95 टक्के प्रतिशुल्क बसवलं, 2021 च्या अर्थसंकल्पात ते स्थगित केलं आणि पुढच्या वर्षी काढूनच टाकलं. मे 2022 मध्ये निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं, नोव्हेंबरात उठवलं. 13 जून 2025 च्या आदेशाने तर आयात पत्रा ज्या अर्धवट तयार मालापासून बनला तोही ब्युरोच्या मानकाचाच हवा, असं ठरलं आणि छोट्या आयातदारांची झोप उडाली. धोरण असं दर दोन वर्षांनी कूस बदलत असेल तर भट्टीत पैसा कोण घालणार? आणि यात एक गंमत आहे: इंडोनेशियन मालाच्या नावाने ओरड चालू असताना देशातली सर्वांत मोठी कंपनी जिंदल स्टेनलेस हिने हालमाहेरा बेटावरच्या निकेल पिग आयर्नच्या (निकेल असलेल्या कच्च्या लोखंडाच्या) प्रकल्पात 49 टक्के भागीदारी घेतली. धंदा म्हणून ते शहाणपणाचंच, कारण भारतात क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, ओडिशाच्या सुकिंद्यात निघतं, खाणीतून निकेल मात्र निघत नाही.

भिंत घातल्याने काय होतं हे बघायला युरोपसारखी जागा नाही. चीन आणि तैवानच्या पत्र्यावर 2015 मध्ये शुल्क, भारत आणि इंडोनेशियावर 2021 मध्ये. मग इंडोनेशियाचा माल तैवान, तुर्कस्तान, व्हिएतनाममार्गे येऊ लागला, म्हणून 2024 मध्ये त्या वाटांवरही शुल्क. ऑक्टोबर 2025 मध्ये युरोपीय आयोगाने पोलादाचा करमुक्त कोटा जवळपास निम्म्यावर आणून वरच्या मालावर 50 टक्के शुल्काचा प्रस्ताव ठेवला. एवढं करून ऱ्हाइन-रूर पट्ट्यातल्या क्रेफेल्डची वितळभट्टी 2013 अखेर आणि बोखुमची 2015 मध्ये थंड झाली ती झालीच. भिंत वेळ मिळवून देते. त्या वेळात काय केलं, यावर बाकीचं.

पुणे-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात टाक्या, नळ्या, दुग्ध आणि साखर यंत्रसामग्री बनवणाऱ्यांनी आता शुल्कापेक्षा कार्बनकराकडे बघावं. 1 जानेवारी 2026 पासून युरोपचा सीमेवरचा कार्बनकर, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार, प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आला. स्वयंपाकाची भांडी त्या यादीत नाहीत, पण नळ्या, टाक्या, नट-बोल्ट आहेत. एका आयातदाराची वर्षाची अशी आयात 50 टनांच्या आत असेल तर सूट. त्यावर गेलं की जर्मन खरेदी अधिकारी विचारणार: पत्रा कुठे वितळवला, त्यात फेरोनिकेल (लोखंड-निकेलचा मिश्रधातू) किती, भंगार किती? पोलादाच्या बाबतीत विजेचं उत्सर्जन सध्या धरत नाहीत, ते आपल्या पथ्यावर. पण फेरोनिकेल आणि फेरोक्रोमचं उत्सर्जन धरतात, भंगाराचं शून्य. कोळशावर काढलेल्या निकेलचं 304 आणि भंगारातून काढलेलं 304 यांच्यातली तफावत कित्येक पटींची आहे. बाजूच्या गाळ्यातून बिलावर नुसतं ‘एस.एस. शीट’ लिहून उचललेल्या पत्र्याचं उत्तर कुणापाशी नसतं. उत्तर नसलं तर ठोकळ आकडा लागतो, आणि तो मुद्दामच चढा ठेवलेला असतो.

आणि भंगार स्वच्छ हवं तर मुळातली जात लिहिलेली हवी. 304 च्या ढिगात जे-4 मिसळलं की वितळणीत तांबं शिरतं, ते भट्टीतून बाहेर काढता येत नाही. म्हणून आपल्या देशात धातूची जात सर्वांत नेमकी कुणाला कळते तर भंगारवाल्याला. त्याच्याकडे क्ष-किरणांची पिस्तुलासारखी बंदूक असते, 304 चा भाव वेगळा आणि 202 चा वेगळा. (ती बंदूक कार्बन मोजत नाही, त्यामुळे 304 आणि 304 एल तिला सारखेच; वेल्डिंगच्या कामाला हा फरक महत्त्वाचा, तिथे प्रमाणपत्रच लागतं.) नवं घेणारा चुंबक फिरवतो आणि जुनं घेणारा बंदूक.

भारतात माणशी वापर वर्षाला तीन किलोच्या आसपास आहे, जगाची सरासरी त्याच्या दुपटीच्या घरात. हा वापर वाढणार यात शंका नाही: रेल्वेचे डबे, पाण्याच्या नळ्या, किनाऱ्यावरचे पूल. मात्र पुलाचा अभियंता एकदा 304 च्या नावाखाली 202 घेऊन पोळला की पुढची दहा वर्षं तो स्टेनलेसचं नाव काढत नाही.

भांड्यांच्या बाबतीत वाट उघडी आहे. 14 मार्च 2024 च्या आदेशाने स्टेनलेसच्या भांड्यांना आयएस 14756 प्रमाणे आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. भाईंदरच्या छोट्या गाळ्याला हा कागदोपत्री जाच वाटतो, आणि तपासणीचा खर्च पाहता तो काही अंशी आहेही. पण त्याच गाळ्यात हिशोब करून पाहावा. चौकोनी पत्र्यातून गोल सर्कल कापलं की जवळजवळ साडेएकवीस टक्के पत्रा कोपऱ्यांत उरतो. एक टन पत्रा आणला तर दोनशे पंधरा किलो कातरण, आणि भांड्यांच्या धंद्यात नफा बऱ्याचदा त्या कातरणातच असतो. पत्र्यावरचा हीट नंबर जपून ठेवला, जातीप्रमाणे पोती वेगळी बांधली आणि बिलावर जात लिहिली, तर ते कातरण जातीच्या भावाने जातं. नाहीतर भंगारवाला बंदूक लावून मिश्र म्हणून नेतो, आणि घरी जाऊन वेगळं करतो.