व्हायरस परवडला

आमच्या घरच्या संगणकात मी आजवर एकही व्हायरस पाहिलेला नाही. अँटिव्हायरस मात्र उठता-बसता दिसतो. संगणक सुरू केला की माझ्याआधी तो जागा होतो आणि मी माऊसला हात लावायच्या आत उजव्या कोपऱ्यातून डोकं वर काढून सांगतो, "तुमचा संगणक सुरक्षित आहे." बरं, आहे तर आहे. थोड्या वेळाने पुन्हा डोकं वर. आता काय, तर तो स्वतः अद्ययावत झालाय. मग वर्गणी संपायला तीसच दिवस राहिल्याची आठवण. त्या दिवसापासून त्याचा सूर बदलतो, हिरवी खूण पिवळी होते, पिवळीची लाल होते आणि कालपर्यंत सुरक्षित असलेला आमचा संगणक नुसत्या तारखेने धोक्यात येतो.

पूर्वीचे व्हायरस निदान दिसायचे तरी. १९८२ साली अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने ॲपलच्या संगणकासाठी एक व्हायरस लिहिला. त्याची लागण झालेल्या फ्लॉपीवरून दर पन्नासाव्या वेळी संगणक सुरू केला, की पडद्यावर कविता उमटायची. कविता यथातथाच होती, पण हेतू बघा. कॅस्केड नावाचा होता, तो पडद्यावरची अक्षरं एकेक करून खाली पाडायचा. आणि १९८६ चा 'ब्रेन' तर सभ्यपणाची कमाल. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि आत स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर सगळं घातलं. वर मजकूर असा, की लस हवी असल्यास आमच्याशी संपर्क साधा! आयबीएम पद्धतीच्या पीसीवरचा हा पहिला व्हायरस मानतात, आणि बघा, रोग आणि औषधाची जाहिरात एकाच फ्लॉपीवर. आज आमच्या अँटिव्हायरसच्या ग्राहक सेवेचा नंबर शोधायला गेलं तर तो इतक्या सहज सापडत नाही.

आताचे व्हायरस हूं की चूं करत नाहीत. गुपचूप पासवर्ड टिपतात, मागच्या मागे दुसऱ्यासाठी आभासी नाणी पाडत बसतात, नाहीतर सगळ्या फायलींना कुलूप घालून झाल्यावरच तोंड उघडतात. मग आपोआप सुरू होणं, यंत्र मंद करणं, मधेच खिडक्या उघडणं आणि काही केल्या न निघणं, ही जुन्या व्हायरसांची कामं करायची कोणी? ती अँटिव्हायरसने अंगावर घेतली आहेत.

पूर्ण स्कॅन हा त्यातला मोठा सोहळा. त्याचा मुहूर्त आपण ठरवायचा असतो असं सेटिंगमध्ये लिहिलंय, पण मला घाईने काहीतरी पाठवायचं असतं तोच त्याचा मुहूर्त. पंखा घोंघावायला लागतो. पडद्यावर फायलींची नावं सरासरा पळतात, त्यातली निम्मी माझ्या संगणकात आहेत हे मला तेव्हाच कळतं. 'उरलेला वेळ : ३ मिनिटं' हे वाक्य दोन तास तसंच असतं. शेवटी निकाल : धोके शून्य. म्हणजे आनंद व्हायला हवा, पण एवढा खटाटोप करून काहीच सापडलं नाही म्हटल्यावर मनातून थोडं वाईटच वाटतं.

याचं कामकाज चालतं कसं, ते मला भाच्याने सांगितलं. "मामा, त्याच्याकडे सराईतांच्या फोटोंचा गठ्ठा असतो. प्रत्येक फाइलचा चेहरा त्याच्याशी ताडून बघतो. ज्याचा फोटो नाही, त्याची नुसती चालचलणूक बघून संशय घेतो."

"आणि संशय चुकला तर?"

"चुकतो ना कधीकधी." फ्रेड कोहेन नावाच्या संशोधकाने ऐंशीच्या दशकातच गणिताने सिद्ध करून ठेवलंय म्हणे, की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि निरपराधाला कधीच धरणार नाही असा प्रोग्राम लिहिताच येणार नाही. ही गोष्ट अँटिव्हायरसच्या खोक्यावर छापलेली नसते. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफी नावाच्या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून धरली होती. जगभरातले संगणक बंद-चालू, बंद-चालू करत बसले. व्हायरसला एवढं जमवायला किती कष्ट पडले असते!

आमच्याकडे त्याने बाबांचे पत्ते धरले.

बाबांकडे एका जुन्या सीडीवरून घेतलेला पत्त्यांचा डाव आहे. विंडोज बदललं, संगणक बदलला, डाव बदलला नाही. एका सकाळी आयकॉनवर टिचकी मारली तर काहीच उघडेना. कोपऱ्यातून निवेदन आलं, की संशयास्पद फाइल क्वारंटाइन केली आहे.

"क्वारंटाइन? पत्त्यांना?" बाबा म्हणाले. "अरे, त्यांना काय झालंय?"

मी फाइल सोडवली. त्याने दुसऱ्या दिवशी परत धरली. अपवादांच्या यादीत घातली, तरी पुढच्या अपडेटनंतर पुन्हा आत. मग बाबांनी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने आणखी एक फुकटचा अँटिव्हायरस बसवून घेतला. एकाचं चुकत असेल तर दुसरा सांगेल, हा त्यांचा हिशेब. पण एकच फाइल उघडताना दोघंही तिला तपासायला धावतात आणि एकमेकांचे फोटोंचे गठ्ठे बघून एकमेकांवरच संशय घेतात. संगणक इतका सुरक्षित झाला की आम्हालाही आत जाता येईना.

त्याच आठवड्यात ब्राउझरमध्ये एक पान भोंगा वाजवत उघडलं : 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस! ताबडतोब या नंबरवर फोन करा!' बाबा फोनकडे निघालेच होते. भाच्याने अडवलं. "आजोबा, वेबचं पान असं संगणक तपासू शकत नाही. खिडकी बंद करायची, बस्स." बाबांचं म्हणणं, "पण बोलतो तर आपल्या त्याच्यासारखाच!" यावर भाच्याकडेही उत्तर नव्हतं. लाल रंग तोच, उद्गारचिन्हं तीच, पैसे मागायची घाईही तीच.

भाच्याचं मत असं, की विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतोच आणि घरच्या वापराला तो पुरतो. विंडोजचे अपडेट वेळेवर घ्यायचे आणि फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क काढून ठेवायची. २०१७ च्या मे महिन्यात फायलींना कुलूप घालणारा वॉनाक्राय विंडोजच्या ज्या भोकातून घुसला, ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी 'नंतर आठवण करून द्या' दाबलं होतं, त्यांच्यातले पुष्कळ सापडले.

म्हणून दोघांनाही निरोप द्यायचं ठरलं. फुकटचा निमूट गेला. वर्गणीवाला कसला जातोय! 'खरंच काढायचं?' हो. 'संगणक असुरक्षित होईल.' होऊ दे. 'तीन महिने मोफत घ्या.' नको. निघाला म्हणाला आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर कोपऱ्यात हजर. त्याला मुळासकट काढायला कंपनीचंच एक निराळं साधन उतरवून घ्यावं लागलं. तेव्हा कुठे सुटला, आणि जाता जाता त्याने ब्राउझरमध्ये प्रश्नपत्रिका उघडली : 'आम्हाला सोडण्याचं कारण सांगा.' पर्याय होते : महाग वाटतो, संगणक मंदावतो, दुसरं उत्पादन घेतलं, इतर.

बाबा पत्त्यांचा डाव लावून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "इतरमध्ये लिही, बोलतो फार."