आधी टॉप घ्यावेत की कंट्रोलर? साउंडवाल्या मालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मालक,

‘२५ हजारांत डीजेचं पहिलं सामान’ या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. तुमची हयात सोलापुरात साउंडच्या धंद्यात गेली. तुमचं म्हणणं असं की मी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं चाकं-बटणांचं यंत्र, सुचवून पोरांना प्लास्टिकचं खेळणं घ्यायला लावतोय. तेवढ्याच पैशात जुना अॅम्प्लिफायर आणि दोन टॉप, म्हणजे मोठे स्पीकर, येतात, आणि पोरगं पहिल्याच लग्नसराईत चार पैसे घरी आणतं. गाणी मोबाईलवरही वाजतात. आणि हल्ली सिंकचं बटण दाबलं की दोन गाणी आपोआप जुळतात, मग त्यात शिकायचं काय उरलं? शेवटी तुम्ही विचारलंत की सोलापूरच्या पोरांना पुण्या-मुंबईच्या क्लबची स्वप्नं कशाला दाखवता.

टॉपपासून सुरू करतो, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

अॅम्प्लिफायरची वॅट दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. त्यात उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. ५ मीटरवर दणदणीत वाटणारा टॉप २० मीटरवर १२ डेसिबलने खाली आलेला असतो. हे तुम्हाला आकड्यांशिवायही ठाऊक आहे, मैदान बघून किती बॉक्स लागतील ते तुम्ही सांगता. २५ हजारांतली जुनी जोडी घेऊन नवखं पोरगं जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटवर हळदीला उभं राहतं तेव्हा काय होतं? मागचे लोक ‘वाढव, वाढव’ म्हणतात. तो मास्टर, म्हणजे मुख्य आवाजाचं बटण, मर्यादेच्या लाल दिव्यात नेतो. लाल दिव्याच्या पुढे आवाज फारसा वाढत नाही, फक्त फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजातली जादाची ताकद ट्विटरवर, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर, जाते. रात्र संपायच्या आत कॉईल जळते. वऱ्हाड नाराज, सुपारीचे पैसे अर्धे, आणि स्पीकर दुरुस्तीला.

ती जोडी मोकळ्या मैदानाला कमी पडते आणि घराला नको इतकी जास्त होते. साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, एका खोलीत माग किंवा शिलाई मशीन, अशा ठिकाणी टॉप ठेवायचे कुठे आणि वाजवायचे कधी? हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. शिकायला रोजचा सराव लागतो, आणि ज्यांच्यासाठी मी लिहिलं ती पोरं दिवसा कामावर असतात. एमआयडीसीतून सुटून, जेवून ती रात्री साडेनऊ-दहाला मोकळी होतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ रात्रीचा धरतात. नियम बाजूला ठेवले तरी शेजारी पहाटे पाळीवर जाणारा माणूस झोपलेला असतो. त्या वेळेला सराव होतो तो फक्त हेडफोनवर. म्हणून माझ्या लेखात स्पीकरला शून्य रुपये आणि हेडफोनला ठळक जागा आहे.

साउंड भाड्याने मिळतो, तुमच्यासारख्यांकडूनच मिळतो, आणि टेम्पो, माणसं, जनरेटर, वायरिंग यांसकट मिळतो. सराव मात्र कुणी भाड्याने देत नाही.

आता ‘खेळण्या’बद्दल. कंट्रोलरची चाकं आणि दिवे बघून तुम्ही तसं म्हणालात, पण मी पैसे मोजायला सांगतो ते आत बसलेल्या साउंड कार्डासाठी. त्यातून दोन वेगळे आवाज बाहेर पडतात. लोकांना चालू गाणं ऐकू येतं आणि वाजवणाऱ्याला हेडफोनमध्ये पुढचं. पुढचं गाणं आधी कानात ऐकून, जुळवून, मग सोडणं हाच या कामाचा पाया आहे, आणि ती सोय नसेल तर बाकी काहीही शिकता येत नाही. म्हणून घेताना आधी मागची बाजू बघायची. हर्क्युलिसच्या इनपल्स २०० ला मास्टरसाठी, म्हणजे लोकांकडे जाणाऱ्या आवाजासाठी, आरसीए पिनांची जोडी आणि हेडफोनसाठी वेगळी जागा आहे, म्हणून मी त्याचं नाव घेतलं होतं. पायोनियरचा डीडीजे-२०० नावाने मोठा आहे, दिसायलाही देखणा, पण त्यात साउंड कार्डच नाही. त्याला स्प्लिटर केबल लावावी लागते, तिच्यात डावा कान लोकांना आणि उजवा आपल्याला, म्हणजे दोन्हीकडे मोनो. त्याच कंपनीच्या डीडीजे-४०० मध्ये कार्ड आहे, म्हणून जुना डीडीजे-४०० बरा मिळत असेल तर मी तो नव्या डीडीजे-२०० च्या आधी घेईन. न्यूमार्कच्या डीजे टू गो टू टच या चिमुकल्या कंट्रोलरमध्येही कार्ड आहे, पण पिना छोट्या आहेत, मिक्सरला जोडताना जपावं लागतं.

मोबाईलचा मुद्दा याच कारणाने अडतो. मोबाईलला आवाजाची वाट एकच. वाढदिवसाला गाणी लावायला तो पुरेसा आहे, शिकायला नाही.

ज्याच्याकडे २५ हजारही नाहीत त्याच्यासाठी लेखात एक परिच्छेद होता, तो तुमच्याकडून बहुतेक राहून गेला, म्हणून पुन्हा सांगतो. घरात जुना लॅपटॉप असेल तर मिक्स्स हा प्रोग्रॅम फुकट आहे, विंडोजवर चालतो, लिनक्सवरही चालतो, आणि त्याला एकाच वेळी दोन साउंड कार्ड सांगता येतात. लॅपटॉपच्या स्वतःच्या पिनला घरातला छोटा स्पीकर, आणि यूएसबीला लावायच्या स्वस्तातल्या साउंड कार्डाला हेडफोन. काही शे रुपयांत दोन वाटा तयार होतात. कीबोर्डवर हात अवघडतो, पण दोन-तीन महिने यावर जो टिकतो त्याला आपण कंट्रोलर का घेतोय हे नीट कळलेलं असतं. हप्त्यावर सामान उचलायच्या आधी प्रत्येकाने हे करावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्याकडे घरातली भिशी मोडून घेतलेलं सामान कपाटावर पडलेलं मी पाहिलंय, आणि ते पाहवत नाही.

सिंकच्या मुद्द्यावर जरा लांब लिहितो, कारण सोलापुरात वाजवणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.

सिंक काय करतं? प्रोग्रॅम गाण्यातले ठोके शोधतो, त्यांच्यावर सारख्या अंतराच्या रेघा मारतो आणि दोन गाण्यांच्या रेघा एकावर एक बसवतो. कॉम्प्युटरवर क्लिकच्या तालात बनवलेल्या गाण्यांना हे बिनचूक लागू पडतं. पण जुनी लावणी, कोळीगीत, भीमगीत ही वादकांनी एकत्र बसून वाजवलेली. ढोलकीवाला मुखड्यावर किंचित पुढे सरकतो, अंतऱ्याला मागे रेलतो. सुरुवातीला मिनिटाला ९८ ठोक्यांचा असलेला वेग शेवटी १०३ वर गेलेला असू शकतो. रेघा सारख्या अंतराच्या राहतात, ठोके राहत नाहीत, आणि सिंक ठेवलेलं असूनही अर्ध्या मिनिटात दोन ढोलक्या एकमेकींवर आदळायला लागतात. दुसरी अडचण सहा मात्रांच्या चालीची. प्रोग्रॅम चारच्या हिशेबाने मोजायला जातो आणि दीडपट किंवा दोन-तृतीयांश आकडा दाखवतो. ७० च्या संथ गाण्याला १४० म्हणणं तर रोजचंच. अशा वेळी सिंक दाबलं तर गाणं एकदम धावायला लागतं किंवा रांगायला, आणि नाचणारी माणसं जागच्या जागी थांबतात.

इथे बटण कामाला येत नाही, कान येतो. पोरगं येणारं गाणं हेडफोनमध्ये घेतं, चाकाला हलका हात लावून ते मागेपुढे करतं, चालू गाण्याचा बेस उतरवतं आणि त्याच ठोक्यावर नव्याचा चढवतं, कारण दोन बेस एकत्र आले की नुसता गोंधळ ऐकू येतो. वेग जुळतच नसेल तर शेवटच्या चार ठोक्यांचा लूप धरतं, म्हणजे तेच पुन्हापुन्हा फिरवतं, किंवा ओळ संपेपर्यंत थांबून सरळ कापतं. कुठे जुळवायचं आणि कुठे कापायचं हे ठरवणं म्हणजेच शिकणं. ज्यांनी गणपतीत लेझीमच्या पथकात पाय टाकलेत त्या पोरांना हे भराभर येतं, हलगीचा ठोका त्यांच्या अंगातच असतो.

शिवाय आपल्या गावात गाण्यांचा साठाच निराळा लागतो. पूर्व भागातल्या लग्नात तेलुगू गाणी हवीत, अक्कलकोटकडचं वऱ्हाड आलं की कन्नडची फर्माईश, मराठी आणि हिंदी तर आहेतच. तेलुगू गाण्यातून मराठीत येताना कुठे वळायचं हे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये भरलेलं नाही. ते आधी बसून ऐकून, क्यूच्या, म्हणजे गाणं कुठून सोडायचं त्या, खुणा करून ठेवावं लागतं. पुण्या-मुंबईच्या क्लबमधल्या वाजवणाऱ्याला हे जमेलच असं नाही. मी पोरांना दाखवतोय ते स्वप्न सोलापुरातलंच आहे, मालक.

बाकी सामानाचं पटकन. हेडफोन कान झाकणारा आणि वायरचा घ्यावा. ब्लूटूथचा नकोच, कारण त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि १२० च्या वेगाला एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत वेळच ५०० मिलिसेकंदांचा असतो. लॅपटॉपमध्ये बफर, म्हणजे आवाज पाठवायच्या आधी साठवायचा तुकडा, ५१२ सॅम्पलचा ठेवला तर उशीर साधारण १२ मिलिसेकंदांचा, तो चालतो. आवाज तुटायला लागला तरच बफर वाढवावा. हेडफोनचा आवाज मात्र खाली ठेवा. कामाच्या जागेसाठी धरतात तो हिशेब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलवर पंधरा मिनिटंच उरतात. गेलेले कान परत येत नाहीत, आणि या कामात भांडवल तेच आहे. आरसीएकडून मोठ्या पिनेची आणि कॅनन (तीन टोकांच्या एक्सएलआर) पिनेची, अशा दोन्ही केबल स्वतःच्या पिशवीत असाव्यात. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घरघर आली तर आधी चार्जर काढून बघावा, पुष्कळदा घरघर तिथेच थांबते. जुना कंट्रोलर घेताना प्रत्येक फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, गाणं चालू असताना हलवावा, खरखर ऐकू येते का बघावं, हेडफोनची पिन हलवून पाहावी, आणि आपल्या लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर चालतो याची खात्री करूनच पैसे द्यावेत. मागाच्या घरात सुताची धूळ फार, म्हणून सामान झाकून ठेवावं, पण टेरी टॉवेलने नाही. त्याचे धागे फेडरच्या फटीत जातात. साधं सुती कापड बरं.

आता कमाईचं. साउंडच्या धंद्यात पैसा आहे हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि कंट्रोलर घेतलेल्या पोराला पहिल्या सीझनला फारसं काही मिळणार नाही हेही खरं. पण तुमचा धंदा दोन टॉपवर उभा राहिलेला नाही. त्यामागे वायरिंगचं ज्ञान आहे, माणसं आहेत, गोदाम आहे, आणि मंडळांशी वर्षानुवर्षांची ओळख आहे. ज्याला तो धंदा करायचाय त्यानेही आधी सामान न घेता तुमच्यासारख्याच्या हाताखाली दोन सीझन केबल ओढाव्यात, मग ठरवावं. शिवाय मिरवणुकीतल्या डीजेविरुद्ध आपल्या शहरात लोक आता उघडपणे बोलू लागलेत, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल त्यांनी मांडलेत, आणि त्यांचं ऐकलं गेलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. अशा काळात गरीब घरातल्या पोराची पहिली पुंजी मोठ्या आवाजात अडकवायला मी सांगणार नाही. कमी आवाजातही माणसं नाचवता येणारा वाजवणारा तुम्हालाही उद्या लागणार आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, श्रावणापर्यंत तुमचे बॉक्स गोदामात उभे असतात. त्या दिवसांत एक टॉप, एक छोटा मिक्सर आणि तुमचा एक जाणता माणूस, असं दुपारच्या वेळी तासावर भाड्याने द्याल का? हेडफोनवर शिकलेल्या पोरांना खऱ्या साउंडवर गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कसा लावायचा, लाल दिव्याच्या अलीकडे कुठे थांबायचं, कॅनन पिन कुठे जोडायची हे तुमच्याकडूनच कळेल. भाव तुम्ही सांगा. पोरं जमवायची जबाबदारी माझी, आणि सामानाला काही झालं तर भरपाई कशी करायची तेही आधी लिहून ठेवू. इथेच उत्तर दिलंत तरी चालेल.