यादी फाडली तेव्हा रामशेज झाला

‘मोठी सुट्टी मिळत नसेल तर घराजवळच अर्ध्या दिवसाची भटकंती आखा’ हे छोट्या भटकंतीवरच्या लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. ‘आधी ठिकाणांची यादी करा’ हे मात्र नाही पटलं. आमची यादी दोन वर्षं फ्रिजवर चिकटलेली होती आणि आम्ही घरातच! शेवटी एकच नियम केला. शनिवारी रात्री बाटल्या भरायच्या, रविवारी सहाला निघायचं.

पहिला आमच्या नाशिकजवळचा रामशेज किल्ला. पेठ रोडने आशेवाडी, तिथून पायऱ्या. संभाजी महाराजांच्या काळात मुघल फौजेला वर्षानुवर्षं झुंजवणारा किल्ला हाच का, असं खालून बघताना वाटतं, इतका बुटका. वर गेल्यावर चारही बाजूंचा मोकळा मुलूख दिसतो आणि मग थोडं उमगतं. नऊला खाली, दहाला मिसळ (यावर घरात एकमत असतं).

पांडवलेणीची तर लाजच वाटली. हायवेवरून कामाला रोज जातो, पण तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा (सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई) शिलालेख चाळिशीत पाहिला.

अंजनेरीच्या डोंगरी किल्ल्यावर मात्र आम्ही मे महिन्यात, तेही अकरा वाजता चढायला लागलो. अर्ध्यातून परत. धाकटी अजून चिडवते.

आता थंडीत नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. २०२० मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. दुर्बीण मेहुण्याकडून आणलीय, पक्ष्यांची नावं कुणालाच येत नाहीत. सकाळी किती वाजता पोहोचावं? जाऊन आलेल्यांनी सांगा.